'रिप्लेस ऑल' दाबण्यापूर्वी

गेल्या डिसेंबरमध्ये, ऐन सबमिशनच्या धामधुमीत, मी आपल्या कॉलेजच्या जुन्या वेबसाइटची साडेआठशे पानं काही सेकंदांत बिघडवली. व्हायरस नाही, हॅकर नाही. मीच. लेडीज होस्टेलच्या रीडिंग रूममध्ये, रात्री दीड वाजता, शेजारी मॅगी ठेवून. माफीनामा वेबसाइट कमिटीच्या मॅडमना तेव्हाच लेखी दिलाय, त्यामुळे तो इथे पुन्हा वाचावा लागणार नाही. पण नंतर दोन महिने जे निस्तरत बसले त्यातून माझं एक मत बनलंय. ते इथे मांडते, कारण पुढच्या वर्षी हेच काम ज्युनियर्सपैकी कुणाच्या तरी गळ्यात पडणार आहे.

आधी काम काय होतं ते सांगते. २००३ ते २०१० या काळात आपली साइट विद्यार्थीच बनवायचे. तेव्हा मायक्रोसॉफ्टचं फ्रंटपेज नावाचं सॉफ्टवेअर होतं (२००६ मध्ये कंपनीने ते बंद केलं, तरी आपल्या लॅबमध्ये ते पुढे बरीच वर्षं चालू होतं!). वर्डसारखं टाइप करायचं, एचटीएमएल आपोआप तयार. नोटिसा, निकाल, गॅदरिंगचे फोटो आणि या मासिकाचे सात अंक, सगळी सुटी सुटी पानं. ती नव्या साइटवर 'संग्रह' म्हणून ठेवायची ठरलं. पण प्रत्येक पानाच्या पोटात त्या काळचा पसारा भरलेला. दर दोन ओळींमागे एक फॉन्ट टॅग, त्यात रंगाचा टॅग, त्यात आणखी काहीतरी. हाताने साफ करायचं म्हटलं आणि एका पानाला दहा मिनिटं धरली, तरी एकशे चाळीस तास. म्हणजे अख्खी पीएल!

अशा वेळी कॉम्प्युटरवाल्यांना रेग्युलर एक्स्प्रेशन आठवतं. लाडाचं नाव रेजेक्स. सिव्हिल-मेकॅनिकलच्या मित्रांसाठी थोडक्यात सांगते. साध्या 'फाइंड'मध्ये आपण नेमका शब्द शोधतो. रेजेक्समध्ये शब्दाचा आकार सांगतो. होस्टेलच्या रजिस्टरमध्ये 'बी-२०४' शोधायचं असेल तर साधं फाइंड पुरे. पण 'एक अक्षर, मग आडवी रेघ, मग तीन आकडे' असं जे जे असेल ते शोध, हे सांगायला रेजेक्स लागतं. आणि त्यातला हवा तो भाग कंसात धरून ठेवला की बदलताना तो परत वापरता येतो. म्हणजे सगळ्या 'बी-२०४'चं '२०४-बी' एका फटक्यात. पाचशे खोल्या असोत की पन्नास हजार.

पहिल्या दिवशी मी हेच केलं. जुन्या लिंका नव्या पत्त्यावर वळवल्या. नोटपॅड प्लस प्लस उघडलं, 'फाइंड इन फाइल्स'मध्ये फोल्डर दिलं, रेग्युलर एक्स्प्रेशनवर टिचकी मारली आणि 'रिप्लेस इन फाइल्स' दाबलं. बघता बघता दोन हजारांवर लिंका बदलल्या. खोटं कशाला बोलू, अंगावर मूठभर मांस चढलं. रूममेटला उठवून दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे, झोपू दे."

दुसऱ्या दिवशी ठळक अक्षरांचा 'बी' टॅग बदलून त्या जागी 'स्ट्राँग' टाकायचा होता. मी लिहिलं, 'टोकदार कंस, मग बी, मग काहीही, मग बंद कंस'. आता 'बी'ने आणखी काय सुरू होतं? 'बॉडी' सुरू होतं. 'बीआर' सुरू होतं. 'ब्लॉककोट' सुरू होतं. पानाचं आख्खं शरीर 'स्ट्राँग' झालं आणि ओळी एकमेकींना चिकटल्या. ही चूक डोळ्यांना लगेच दिसली म्हणून वाचले, आदल्या दिवशीच्या कॉपीवरून परत सुरुवात केली. 'बी'नंतर एकतर मोकळी जागा हवी किंवा लगेच बंद कंस हवा, एवढं सांगायचं राहिलं होतं. हसले आणि पुढे गेले. तिथेच थांबून विचार करायला हवा होता.

तिसऱ्या रात्री दोन कामं होती. वर्डमधून चिकटवलेल्या मजकुरासोबत येणाऱ्या छुप्या कॉमेंट्स काढायच्या आणि मग सगळे फॉन्ट टॅग उडवायचे. कॉमेंटसाठीचं रेजेक्स मी एका चॅटबॉटकडून लिहून घेतलं (आता कोण स्वतः लिहितं?). 'कॉमेंटची सुरुवात, मग डॉट-स्टार, मग कॉमेंटचा शेवट'. डॉट म्हणजे कुठलंही एक अक्षर, स्टार म्हणजे कितीही वेळा. कॉमेंट एका ओळीत मावत नव्हती, म्हणून 'डॉटमध्ये नवी ओळही धर' ही खूणही मी केली. मग रिप्लेस. मग फॉन्ट टॅग. रिप्लेस. आठ-दहा पानं उघडून बघितली, इंग्रजी नोटिसा सगळ्या. एकदम चकाचक. झोपले.

दोन दिवसांनी लॅबमधल्या काकांनी विचारलं, "पोरी, माझा लेख आला का गं नव्या साइटवर? नातीला दाखवायचाय."

काका म्हणजे आपले काका, सगळ्या बॅचना माहीत असलेले. ते लिहितात हे मला माहीत नव्हतं. २००५-०६ च्या अंकात त्यांनी २६ जुलै २००५ च्या रात्रीवर लेख लिहिला होता. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि आपल्या वर्कशॉपमध्ये कमरेएवढं पाणी शिरलं. काका आणि होस्टेलची पाच पोरं मिळून रात्रभर लॅबचं सामान वरच्या मजल्यावर नेत होती, त्याची ती हकीगत. मी मोठ्या उत्साहाने पान उघडलं. स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांचा लगदा. ना मराठी, ना इंग्रजी. काका चष्मा लावून थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे माझं नाही."

झालं होतं ते असं. आज आपण मोबाइलवर मराठी टाइप करतो ते युनिकोडमध्ये. तिथे 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे. जगातल्या कुठल्याही मशीनवर तो 'क'च असतो. पण तेव्हा बहुतेक मराठी मजकूर श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव असल्या फॉन्टांत टाइप व्हायचा. या पद्धतीत फाइलमध्ये साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच. फॉन्ट फक्त त्या जागी देवनागरी आकार काढून दाखवतो. कृतिदेवमध्ये तर 'ढ' आणि 'झ' चक्क टोकदार कंसांच्या जागी बसवलेले आहेत, म्हणजे एचटीएमएलचा जीव ज्या चिन्हांत आहे नेमका तिथेच! अशा पानावर 'हा मजकूर मराठी आहे' असं सांगणारी एकच गोष्ट असते, तो फॉन्ट टॅग. मी कचरा म्हणून जो फेकला तोच. एचटीएमएलच्या १९९७ च्या आवृत्तीपासून फॉन्ट टॅग वापरू नका असं सांगितलंय, हे आम्ही वेब टेक्नॉलॉजीत पाठ केलंय. इंग्रजी पानांवर तो निव्वळ सजावट होता. मराठी पानांवर तो लिपी होता.

आता माझं मत. रेजेक्सने एचटीएमएल बदलू नये, असा एक सल्ला प्रोग्रामर लोकांत वर्षानुवर्षं फिरतोय. नीट पार्सर वापरा, पायथॉनमध्ये ब्यूटिफुल सूप आहे, ते घ्या. मला डिपार्टमेंटमधल्या निम्म्या लोकांनी हेच ऐकवलं. पण विचार करा, मी पार्सरला 'सगळे फॉन्ट टॅग काढ' असं सांगितलं असतं तर त्याने काय केलं असतं? काढलेच असते. उलट जास्त सफाईने काढले असते, एकही न चुकवता. माझं फॉन्टचं रेजेक्स अगदी बिनचूक होतं. चूक होती ती टॅग तिथे कशासाठी बसलाय हे न विचारण्याची. हत्यार बदलून ही चूक टळत नाही, म्हणून 'रेजेक्स वाईट' हे उत्तर मला पटत नाही. फ्रंटपेजने यंत्रासारखं ओतलेलं एचटीएमएल एकसुरीच असतं, आणि एकसुरी गोष्टींसाठी रेजेक्ससारखं दुसरं काही नाही. एकशे चाळीस तास हाताने काम केलं असतं तर चुका झाल्या नसत्या, असं कुणी म्हणत असेल तर त्याने माझी वर्कशॉपची जर्नल्स बघावीत.

मात्र कॉमेंटच्या रेजेक्सबद्दल सल्ला देणाऱ्यांचं बरोबर होतं, ते कबूल करायला हवं. डॉट-स्टार स्वभावाने अधाशी असतो, त्याला इंग्रजीत ग्रीडीच म्हणतात. 'सुरुवातीपासून शेवटापर्यंत' म्हटलं की तो जवळचा शेवट सोडून सगळ्यात लांबचा शेवट गाठतो, मेसमध्ये शेवटच्या गुलाबजामपर्यंत हात जातो तसा. वर्डची तेव्हाची एक खोड अशी की रिकामा परिच्छेद आला की तिथे ते एक छुपी कॉमेंट टाकून ठेवायचं. आणि लेख लिहिणारा माणूस दोन परिच्छेदांमध्ये रिकामी ओळ सोडतोच. माझ्या रेजेक्सने पहिल्या रिकाम्या ओळीपासून शेवटच्या रिकाम्या ओळीपर्यंतचा सगळा मजकूर एकच भली मोठी कॉमेंट समजून खाल्ला. पहिला परिच्छेद शाबूत, शेवटचा शाबूत, मधलं सगळं गायब. सरळ फ्रंटपेजमध्ये टाइप केलेल्या इंग्रजी नोटिसांत असल्या कॉमेंट नव्हत्या, म्हणून त्यांना धक्का लागला नाही. आणि मी तपासल्या होत्या त्या नोटिसाच. स्टारपुढे एक प्रश्नचिन्ह टाकलं असतं तर तो जवळच्या शेवटाशी थांबला असता. एक प्रश्नचिन्ह!

कंट्रोल-झेड? 'रिप्लेस इन फाइल्स' सरळ डिस्कवर लिहितं, तिथे मागे जाणं नाही. दर प्रोजेक्टला गिट वापरणारी मी, इथे 'जुनी पानंच तर आहेत' म्हणून वापरलं नाही, आणि आदल्या दिवशीची कॉपीही त्याच फोल्डरवर पुन्हा चढवून बसले होते. लायब्ररीतली सीडी निम्मीच वाचली जाते. वेबॅक मशीनवर मुखपृष्ठ आणि दोन-चार नोटिसा मिळाल्या, मासिकाची पानं नाहीत.

मोठ्यांच्याही अशा चुका झाल्यात, हे वाचून जरा बरं वाटलं. २००१ च्या सुमारास याहू मेलने एचटीएमएल ईमेलमधून धोकादायक जावास्क्रिप्ट येऊ नये म्हणून काही शब्द गुपचूप बदलायला सुरुवात केली. 'इव्हॅल' दिसलं की त्या जागी 'रिव्ह्यू'. शब्द स्वतंत्र आहे की दुसऱ्या शब्दाच्या पोटात आहे, हे बघितलंच नाही. त्यामुळे 'मिडिव्हल', म्हणजे मध्ययुगीन, या शब्दाच्या पोटातली तीच चार अक्षरं बदलून 'मेडिरिव्ह्यू' असा जगात नसलेला शब्द तयार झाला. ईमेलमधून तो लेखांत गेला, लेखांतून वेबसाइटांवर, आणि २००२ मध्ये लोकांच्या लक्षात येईपर्यंत बराच फिरून आला होता. एरर आली नाही, कुठे लाल रेघ उमटली नाही. रेजेक्स चुकलं तरी प्रोग्राम 'इतके बदल यशस्वी' असंच सांगतो. त्या रात्री मलाही तसंच सांगितलं होतं.

युनिक्सवर 'ग्रेप' नावाची कमांड आहे. तिचं नाव जुन्या 'एड' या एडिटरमधल्या आज्ञेवरून आलंय: ग्लोबल, रेग्युलर एक्स्प्रेशन, प्रिंट. म्हणजे सगळीकडे शोध आणि छापून दाखव. फक्त दाखव. त्याच एडिटरमध्ये 'पी'च्या जागी 'एस' लिहिलं की बदल होतो. रेजेक्स कॉम्प्युटरवरच्या शोधात आणण्याचं मोठं काम केन थॉम्पसनचं, त्याचा त्यावरचा पेपर १९६८ चा, आणि ग्रेपही त्याचंच. माझं म्हणणं एवढंच की 'पी' आणि 'एस' यांच्यामध्ये एक रात्र जाऊ द्यावी. आधी नुसतं शोधा. काय काय सापडलं त्याची यादी काढा आणि ती यादी वाचा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण मी फॉन्ट टॅगांची यादी काढून त्यातली वेगवेगळी नावं बघितली असती, तर 'एरियल' आणि 'टाइम्स न्यू रोमन'च्या रांगेत 'शिवाजी' दिसले असते, आणि महाराज तिथे काय करताहेत असा प्रश्न मला नक्की पडला असता.

आणि फाइलींचे आकार बघा. काकांचं पान चौदा केबीचं होतं, साफसफाईनंतर तीन केबीचं झालं. फोल्डर आकाराने लावून एकदा आधीचं-नंतरचं ताडून बघितलं असतं तरी समजलं असतं. दोन मिनिटांचं काम. यादी वाचायला दुसरं कुणीतरी हवं, हेही आता पटलंय. आपलं रेजेक्स आपल्याला नेहमी सुंदरच दिसतं. त्यातही वयाने मोठं कुणी असेल तर उत्तम. श्रीलिपीत टाइप केलेली माणसं आपल्याच ऑफिसात बसतात. मी जाऊन विचारलं असतं तर त्यांनी हसत हसत सांगितलं असतं. विचारलं नाही, कारण 'वेबसाइटचं काम' म्हणजे आम्हा मुलांचं काम, असं आम्हीही समजतो आणि ऑफिसही समजतं.

आता थोडं सर-मॅडमसाठी, रागावू नका. थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनमध्ये आम्ही रेग्युलर एक्स्प्रेशन शिकतो. शून्य आणि एक यांच्या माळा, क्लीनीचा स्टार, आणि मग ते पम्पिंग लेमा. कंसात कंस, त्यात पुन्हा कंस अशी रचना रेग्युलर नसते, हे मी पेपरात सिद्ध करून मार्क मिळवलेत. पण फ्रंटपेजच्या पानात टेबलात टेबल, त्यात टेबल असतं, आणि 'टेबलच्या सुरुवातीपासून जवळच्या शेवटापर्यंत' असं रेजेक्स बाहेरच्या टेबलची सुरुवात आतल्या टेबलच्या शेवटाशी जोडतं, हा तोच लेमा आहे हे मला कुणी सांगितलं नाही. (आजची काही रेजेक्स इंजिनं ही मर्यादा ओलांडतात, तो भाग वेगळा.) प्रॅक्टिकल म्हणून एकदा जुन्या साइटचं एक फोल्डर प्रत्येक बॅचला द्या. कॉपी द्या, मूळ नको! पानं बिघडू देत. माळा सोडवून जे कळत नाही ते एका बिघडलेल्या निकालपत्रकाने कळेल.

आणि वेबसाइट कमिटीला एक विनंती. मूळ फोल्डर कुणालाच लिहिता येणार नाही असं एका जागी कुलूपबंद ठेवा, अगदी माझ्यासारख्या हुशार मुलीलाही. ज्या कामाला परत फिरणं नाही ते एकट्या मुलावर रात्री दीड वाजता सोडू नका. 'जुनं आहे, काय फरक पडतो' हे वाक्य त्या बैठकीत तीन जणांनी म्हटलं होतं. त्यातली एक मी.

मासिकाची बहुतेक पानं आता परत आली आहेत. फॉन्टचं नाव गेलं होतं, पण अक्षरं होती; एकेक पान तिन्ही फॉन्टांत लावून बघितलं, ज्यात वाचता आलं ते खरं, मग युनिकोडमध्ये बदललं. यात ऑफिसातल्या एका मॅडमनी मला इतकी मदत केली की माझं नाव नुसतं नावाला. मात्र वर्डमधून चिकटवलेल्या एकोणीस लेखांच्या मधल्या भागाला काहीच इलाज नाही. जे फाइलमध्येच नाही ते कुठला फॉन्ट लावून दिसणार?

काकांचा लेख त्यातलाच. सुरुवात आहे, वर्कशॉपच्या दारातून पाणी आत येतं तिथपर्यंत. शेवट आहे, सकाळी मेसमध्ये सगळ्यांनी मिळून खाल्लेले पोहे. मधली रात्र नाही. जानेवारीत एका दुपारी काका लॅबमध्ये माझ्याजवळ बसले आणि जसं आठवेल तसं सांगत गेले, मी टाइप करत गेले. ऑसिलोस्कोप वर कसे नेले, लाइट कधी गेली, जिन्यात कोण घसरलं. मध्येच थांबले. "त्या पाचही पोरांची नावं लिहिली होती मी. आता दोनच आठवतात बघ." मी म्हटलं, काका, नवीन लिहा ना, आम्ही या अंकात छापू. ते म्हणाले, बघू.

येत्या मे महिन्यात ते रिटायर होताहेत. लायब्ररीत २००५-०६ चा छापील अंक नाही, बाइंडिंगला गेला तो परत आलाच नाही म्हणतात. माजी विद्यार्थी, स्टाफ, कुणाच्याही घरी माळ्यावर तो अंक पडला असेल तर लायब्ररीच्या काउंटरवर आणून द्या. अंक नको, त्यातल्या काकांच्या लेखाचे मोबाइलवर काढलेले फोटो दिले तरी चालतील. आणि त्या रात्री वर्कशॉपमध्ये असलेल्या पाचांपैकी कुणी हे वाचत असेल, तर फक्त नाव कळवा.